घाटात मोटर का जळते? इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या मोटरींबद्दल

चढणकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

मी वारज्यात राहतो, वय ४८. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गड उतरणं बंद केलं, पण सायकलला हरकत नाही म्हणाले, फक्त चढावर जोर लावायचा नाही. घरी २९ इंची चाकांची साधी माउंटन बाइक होती. तिच्या मागच्या चाकात २५० वॅटची गिअरवाली हब मोटर बसवून घेतली. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊन सहा महिने सुखात काढले, कसलीही तक्रार नाही.

गेल्या महिन्यात धीर करून सिंहगडाच्या रस्त्याला लागलो. गोळेवाडीच्या नाक्यापासून तिसऱ्या किलोमीटरला मोटर करकरायला लागली. मग नुसताच घूं घूं आवाज, चाकाला जोर मिळेना. बॅटरी ६० टक्क्यांच्या वर होती. हबच्या कवचाला हात लावला तर चटका बसला. तिथून सायकल ढकलत खाली आलो.

दुकानात उघडून पाहिलं तेव्हा आतल्या तीन नायलॉन गिअरांचे दात अक्षरशः गोल झाले होते. दुकानदार म्हणाले, "२५० वॅटचा घाटात काय निभाव लागणार? थेट ५०० वॅटची घ्या." पैसे घालण्याआधी मला हे नीट समजून घ्यायचंय. युरोपात याच २५० वॅटवर लोक आल्प्स चढतात असं वाचतो. मग माझीच का जळली? आणि ती जाहिरातीतली 'न्यूटन-मीटर' काय भानगड आहे?

चक्रधर

दादा, ५०० वॅटची लगेच घेऊ नका. त्याआधी तीन गोष्टी सांगा. तुमचं वजन आणि सामानासकट सायकलचं वजन किती? चढावर पेडल मारत होतात की मूठ (थ्रॉटल) पिळून बसला होतात? आणि वेग किती होता?

चढणकर

मी ७८ किलो, सायकल बॅटरीसकट २४, पाणी आणि पिशवी मिळून ४. एकूण १०६. वेग आठच्या आसपास. आणि खरं सांगायचं तर खड्या वळणांवर गुडघ्याच्या भीतीने पेडल जवळजवळ सोडून दिलं होतं. सगळं मुठीवरच.

चक्रधर

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. मी पोटापाण्यासाठी मोटरी गुंडाळतो (पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या), गेली चार वर्षं सायकलींच्या मोटरीही उघडतोय. म्हणून जरा हिशेब मांडतो, कंटाळू नका.

१० टक्के चढावर १०६ किलोला वर ढकलायला साधारण १०४ न्यूटन बळ लागतं, टायरच्या घर्षणाचे १२ धरा. म्हणजे ११६. तुमच्या चाकाची त्रिज्या ०.३७ मीटर. बळ गुणिले त्रिज्या म्हणजे पीळ, त्यालाच टॉर्क म्हणायचं आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजायचा. पाना जितका लांब तितका नट सहज सुटतो, तेच गणित. तर चाकावर हवा होता ४३ न्यूटन-मीटर.

आता २५० वॅट म्हणजे काय? ती मोटरची कमाल ताकद नव्हे. न तापता जितकी शक्ती ती सतत देऊ शकते, तो आकडा. आणि हब मोटरीत तो चाक भरभर फिरताना गृहीत धरलेला असतो. तुमचं चाक ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला मिनिटाला साधारण १८० फेरे घेतं. तिथे २५० वॅटचा टॉर्क येतो फक्त १३ न्यूटन-मीटर. तुम्ही तिच्याकडून मागितला ४३, म्हणजे तिपटीहून जास्त.

टॉर्क करंटच्या प्रमाणात वाढतो, पण तांब्याच्या वेटोळ्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. तिप्पट टॉर्क, तर नऊपट उष्णता. तुमच्या बाबतीत जवळपास दहापट. शिवाय आठच्या वेगाला वारा लागत नाही, आणि हब मोटरीत वेटोळी कवचाला चिकटलेली नसतात, मध्ये हवा असते. उष्णतेला बाहेर पडायला वाट फक्त आसाची. मग नायलॉन मऊ होतं आणि दात वाकतात.

तुम्ही पेडल मारून ११० वॅट दिले असते, तर त्या वेगाला त्यातून ५० न्यूटन आले असते आणि मोटरच्या वाट्याला २४ न्यूटन-मीटर उरले असते. तेही सततच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट, उष्णता साडेतीनपट. काही मिनिटं चाललं असतं, पूर्ण घाट नाही.

५०० वॅटची हब मोटर घेतली तरी दुखणं हेच राहणार, फक्त दोन किलोमीटर पुढे जाऊन. हब मोटरला गिअर बदलता येत नाही. गाडी कायम चौथ्या गिअरमध्ये ठेवून खंबाटकी चढण्यासारखं आहे ते.

मृण्मयी

चक्रधरकाका, हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

माझ्याकडे तयार ई-माउंटन बाइक आहे, मोटर पेडलच्या जागी, म्हणजे मिड-ड्राइव्ह. तीन वर्षं ताम्हिणी, मुळशी, पानशेतच्या बाजूला हिंडतेय. चढणकर, तुमची भीती मला ओळखीची आहे, माझाही एक गुडघा कुरकुरतो. पण पेडल सोडणं हा त्यावरचा उपाय नाही. पेडल हलकं आणि भराभर मारायचं. मागची सगळ्यात मोठी चकती लावायची आणि मिनिटाला ७५ ते ८५ फेरे ठेवायचे. गुडघ्यावर भार पडतो तो दाबाचा, फेऱ्यांचा नाही. मोटरलाही तेच आवडतं.

मी सुरुवातीला उलट करायची. टर्बो मोड (मोटरची सगळ्यात जास्त मदत), जड गिअर, ५० फेरे. दीड तासात बॅटरी संपायची आणि चेन १,१०० किलोमीटरला बाद झाली. आता चढावर इको (सगळ्यात कमी मदत) किंवा मधला मोड ठेवते आणि गिअर बदलायच्या क्षणी पायाचा जोर सोडते. दुसरी चेन २,४०० वर आहे, चेनची झीज मोजायची पट्टी अजून ०.५ च्या खुणेला आत जात नाही.

चक्रधर

मृण्मयीताईंनी कामाचं सांगितलं. हबचा हिशेब केला तसा मिड-ड्राइव्हचाही करून टाकू. समजा मोटर क्रँकवर (पेडलच्या आसावर) ८५ न्यूटन-मीटर देते, पुढच्या चकतीला ३२ दात, मागच्या चकतीला ५१. चाकावर पोचतात ८५ गुणिले ५१ भागिले ३२, म्हणजे १३५. त्रिज्येने भागा, ३६५ न्यूटन. तुमच्या वजनाला ते ३० टक्क्यांहून खड्या चढाला पुरतं, म्हणजे टायर आधी घसरेल. आणि सिंहगडाच्या १० टक्क्यांना तुमच्या पायांच्या जोडीने ती देणार जेमतेम १५ न्यूटन-मीटर, क्षमतेच्या पाचव्या भागाहूनही कमी. शिवाय आतली मोटर पायांच्या कितीतरी पट फिरते (बाफांग कंपनीच्या बीबीएसएचडी या मिड-ड्राइव्हमध्ये जवळपास २२ पट), म्हणजे तिच्या आवडत्या वेगात. म्हणून ती तापत नाही. आल्प्समध्ये २५० वॅट चालतात ते असे.

ऱ्हाइनकाठचा

मी मूळ साताऱ्याचा, नऊ वर्षं फ्रायबुर्गला. आमच्या दारातूनच श्वार्त्सवाल्ड सुरू होतं. शाउइन्सलांड १,२८४ मीटर, म्हणजे उंचीने सिंहगडाचा भाऊ. पण गावच २७८ मीटरवर असल्याने चढ हजार मीटरचा. रविवारी तिथे सत्तरीच्या बायकापुरुष ई-बाइकवर गप्पा मारत वर जाताना दिसतात. पहिल्या वर्षी ते पाहून मला भरून आलं होतं. माझ्या आईला गुडघ्यांमुळे यवतेश्वर सुटलं, ते आठवलं.

युरोपच्या नियमात २५० वॅट ही 'सततची' शक्ती आहे, कमाल नाही. ८५ न्यूटन-मीटर आणि मिनिटाला ६० फेरे, याचा गुणाकार ५३० वॅटच्या पुढे जातो. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स, शिमानोची २०२० सालची ईपी८ या दोन्ही ८५ न्यूटन-मीटरच्या, आणि कागदावर दोन्ही २५० वॅटच्याच. बॉशने २०२५ मध्ये नव्या सीएक्सला सॉफ्टवेअर बदलून १०० पर्यंत नेलं. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआयने २०२४ मध्ये अविनॉक्स आणली, १०५ न्यूटन-मीटर आणि वजन अडीच किलो. तेव्हापासून सगळ्यांचीच शर्यत लागली आहे.

मला मात्र दुसऱ्या टोकाच्या मोटरी जास्त आवडतात. टीक्यूची एचपीआर५० फक्त ५० न्यूटन-मीटर, वजन १.८५ किलो, आवाज जवळजवळ शून्य. फाझुआची राइड ६० त्याच जातीची. सायकल २० किलोच्या खाली राहते आणि मोटर बंद करूनही चालवाविशी वाटते. ज्यांचे पाय अजून चालतात त्यांनी हा पर्याय जरूर पाहावा.

आणि एक. इथे काही मुलं वेग-सेन्सरला फसवणारी डबी लावतात, म्हणजे ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद होत नाही. नव्या मोटरी ते ओळखतात आणि मदत एकदम कमी करतात, वारंवार झालं तर सायकल दुकानात न्यावी लागते. वॉरंटी जाते ती वेगळीच. जर्मनीत अशी सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. विमा नाही, परवाना नाही, म्हणजे थेट गुन्हा. अपघात झाला तर समोरच्याच्या उपचारांचा खर्च आयुष्यभर फेडत बसावं लागेल. मी त्या वाटेला जाणार नाही.

विजिगीषू

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. वेल्ह्याजवळ आमची डोंगरउताराची जमीन आहे. आंब्याची रोपं, खत, पाण्याचे कॅन वर न्यायचे असतात. चढ काही ठिकाणी २५ टक्क्यांच्या पुढे. मी जुन्या माउंटन बाइकला बीबीएसएचडी, १,००० वॅटचा संच बसवला. ट्रॅक्टर जिथे जात नाही तिथे ४० किलो घेऊन जातो. अशा कामाला २५० वॅट पुरणार नाहीत. मोठी मोटर म्हणजे बेजबाबदार माणूस, असं सरसकट म्हणू नये.

नियमवाचक

विजिगीषू, तुमच्या शेतात तुम्ही काय चालवता हा तुमचा प्रश्न. शेताच्या बांधाबाहेर मात्र गोष्ट बदलते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम २(यू) पाहा. विजेवर चालणारं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही, पण अटी आहेत. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटहून कमी हवी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. पेडलला साहाय्य करणारी असेल तर मदत वेगाबरोबर कमी होत जाऊन २५ ला बंद व्हायला हवी, पाय थांबले तर त्याआधीच. हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेलं असावं लागतं. त्यातली एक संस्था तर आपल्या वेताळ टेकडीवरच आहे, एआरएआय.

'तीस मिनिटांची शक्ती' हे शब्द नीट वाचा. चक्रधर सांगतात तेच नियमही सांगतोय. अर्धा तास न तापता किती, हा प्रश्न आहे. त्यामुळे क्षणभर ५०० वॅट देणारी चांगली मिड-ड्राइव्ह नियमात बसू शकते, पण १,००० वॅटचा संच बसणार नाही. नोंदणी, नंबर, विमा, परवाना यातलं काहीच नसताना तो सार्वजनिक रस्त्यावर आणणं म्हणजे विनानोंदणी मोटारसायकल चालवणं.

मृण्मयी

नियमांच्या जोडीला पायवाटेवरच्या माणसांचंही सांगते. वेताळ टेकडीवर सकाळी आजीआजोबा चालत असतात. मागून आवाज न करता तीसच्या वेगाने २५ किलोची सायकल आली तर त्यांच्या काळजात धस्स होतं. माझ्या सासऱ्यांना एकदा तोल जाऊन खरचटलं. तेव्हापासून मी टेकडीवर मोटर बंद ठेवते, घंटी वाजवते, आणि माणूस दिसलं की उतरते.

ऱ्हाइनकाठचा

+१. आमच्या राज्यात जंगलातल्या दोन मीटरहून अरुंद वाटेवर सायकलच चालवता येत नाही, मोटर असो वा नसो. चालणारे आणि सायकलवाले यांच्यातला हा वाद जुना आहे.

विजिगीषू

पटलं. रस्त्यावर नेत नाही, पिकअपमध्ये टाकून नेतो. पण चक्रधरकाका, एक अडचण आहे. चेन चार महिन्यांत दोनदा तुटली. मागच्या छोट्या चकत्यांचे दात शार्कसारखे झालेत.

चक्रधर

होणारच. ३२ दातांच्या पुढच्या चकतीची त्रिज्या साडेसहा सेंटिमीटर. त्या मोटरचे १६० न्यूटन-मीटर त्यावर म्हणजे चेनवर जवळपास अडीचशे किलोचा ओढा, तुमच्या पायांचा वेगळाच. सायकलची चेन माणसाच्या पायांसाठी बनली आहे.

तीन गोष्टी करा. छोट्या चकत्यांवर जोर देऊ नका, मधल्या आणि मोठ्याच वापरा. गिअर बदलताना क्षणभर मोटर तोडणारा सेन्सर मिळतो, केबलवर बसतो, तो लावा. आणि कंट्रोलरमध्ये (मोटरला करंट सोडणाऱ्या सर्किटमध्ये) करंटची मर्यादा खाली आणा. तिशीवरून अठरा-वीस अँपिअर केलीत तरी तुमचं खत वर जाईल आणि चेन वर्षभर टिकेल. मोटर मोठी असली म्हणजे तिच्याकडून सगळं काढून घ्यायलाच हवं असं नाही. मोठी मोटर हळू वापरली तर थंड राहते, हाच तिचा खरा फायदा.

आणि ब्रेक! ४० किलो घेऊन उतरताना १६० मिलिमीटरच्या चकत्या पुरणार नाहीत. पुढे निदान १८० किंवा २०३ ची हायड्रॉलिक हवी. यावर पैसे वाचवू नका, भाऊ.

शुभदा

एक बाळबोध प्रश्न. उतरताना बॅटरी चार्ज होते का? विक्रेत्याने मला तसं सांगितलं. आणि माझा भाऊ म्युनिकहून येतोय, त्याची ई-बाइक विमानाने आणता येईल का?

ऱ्हाइनकाठचा

शुभदाताई, सायकल येईल, बॅटरी नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ई-माउंटन बाइकची बॅटरी ४०० ते ८०० वॅट-अवरची असते. मोटर आणायची आणि इथे बॅटरी शोधायची तर त्या दोघांची भाषा जुळावी लागते. मोठ्या कंपन्यांच्या मोटरी स्वतःच्या बॅटरीशी सांकेतिक बोलणं झाल्याशिवाय सुरूच होत नाहीत. भावाला सांगा, तिथेच विकून टाक.

चक्रधर

चार्ज होत नाही, ताई. गिअरवाल्या हबमध्ये आणि मिड-ड्राइव्हमध्ये एकदिशा क्लच असतो. पेडल थांबलं की मोटर सुटी होते, चाक मोकळं पळतं. चाक मोटरला फिरवतच नाही, तर वीज येणार कुठून? गिअर नसलेल्या जड हब मोटरीत थोडी परत येते, पण त्या घाटाला निरुपयोगी.

चढणकर

मंडळी, दहा दिवसांत जे शिकलो ते शाळेच्या फिजिक्समध्ये शिकलो नव्हतो. मनापासून आभार.

निर्णय घेतला. तयार सायकल बजेटच्या बाहेर, म्हणून टॉर्क-सेन्सरचा, म्हणजे पायाचा जोर ओळखणारा मिड-ड्राइव्ह संच घेतोय. टॉन्गशेंगचा टीएसडीझेड२, ३६ व्होल्ट, २५० वॅटचा. माझ्या फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) आट्यांचा, रुंदी ७३ मिलिमीटर, म्हणजे बसेल असं दिसतं. मूठ लावणार नाही. चक्रधरकाका, बसवण्याआधी मोटर उघडून आत काय असतं ते बघायचंय. पुन्हा आंधळेपणाने वापरायची नाही.

चक्रधर

रविवारी दुकानात या, बरोबर उघडू.

चक्रधर

काल चढणकर आले होते, चार तास बसलो. इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

झाकण काढलं की आधी दिसतो निळा नायलॉनचा मोठा गिअर. नवशिक्याला वाटतं, पितळेचा का नाही दिला? पितळेचा मिळतो, लोक बदलतातही. पण नायलॉन शांत चालतं आणि घोटाळा झाला तर आधी तो मरतो, मागची महाग मोटर वाचते. घरातल्या फ्यूजची जागा तो घेतो. चढणकरांना मी नायलॉनच ठेवायला सांगितलं आणि एक जादा घेऊन ठेवायला. कारखान्यातून ग्रीस कंजूषपणे लावलेलं होतं. दातांवर नायलॉनला चालणारं सिंथेटिक ग्रीस भरलं. हाताला मिळेल ते पेट्रोलियम ग्रीस लावू नका, काही प्लास्टिकं त्याने फुगतात.

त्याच्या पोटात एकदिशा क्लच. छोटे रोलर आणि स्प्रिंगा, एका बाजूला फिरवलं की पाचरीसारखे अडकतात, उलट फिरवलं की सुटतात. काही मिड-ड्राइव्ह खडबडीत उतारावर खडखडतात, तो आवाज बहुधा याच भागातल्या मोकळिकीचा असतो. पेडलवर हलका ताण दिला की थांबतो. घाबरून मोटर उघडायची गरज नाही.

मग आसावरचा टॉर्क सेन्सर. पायाच्या जोराने आसाला केसाच्या अंशाएवढा पीळ बसतो आणि तो पीळ विजेच्या इशाऱ्यात बदलतो. यातच या मोटरचा जीव आहे. नुसतं 'पेडल फिरतंय' एवढंच कळणारी मोटर घाटात धसमुसळी वागते, एकदम ढकलते. टॉर्क सेन्सरवाली तुमच्या पायामागे चालते. बसवताना पेडलवर पाय ठेवून चालू करू नका. चालू होताना ती त्या क्षणाचा दाब शून्य धरते, पुढचा सगळा हिशेब चुकतो.

शेवटी मोटर. बाहेरच्या कडेला तांब्याची वेटोळी, आत चुंबकं बसवलेला फिरता भाग, आणि तीन हॉल सेन्सर, चुंबक कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे. मोटर थरथरली आणि सुरूच झाली नाही तर वेटोळी जळली असं लगेच धरू नका. दहातल्या सहा वेळा मला हॉल सेन्सरची वायर किंवा पाण्याने गंजलेली जोडणी सापडली आहे.

या मोटरला मूळचा तापमान सेन्सर नसतो. म्हणून आम्ही छोटा सेन्सर कवचाला चिकटवला आणि त्याची वायर मुठीच्या मोकळ्या जोडणीत घातली. या मोटरसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात ही सोय आहे. आकडा पडद्यावर दिसतो आणि ७५ अंशांच्या पुढे गेला की करंट आपोआप उतरतो. वेगाची मर्यादा २५ वरच ठेवली आहे. बदल करायचा तर असा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पावसाळ्याचं थोडक्यात. प्रत्येक जोडणीत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. वायर मोटरमध्ये शिरते तिथे तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळावरून गळून पडेल. आणि गाड्या धुण्याच्या प्रेशरच्या फवाऱ्यासमोर मोटर कधीही धरू नका. पावसाच्या पाण्याने मेलेल्या मोटरींपेक्षा त्या फवाऱ्याने मेलेल्या माझ्याकडे जास्त येतात.

विजिगीषू

काका, बॅटरीबद्दलही दोन ओळी.

चक्रधर

३६ व्होल्टची म्हणजे ओळीत दहा सेल. पूर्ण भरली की ४२ व्होल्ट, ३० च्या आसपास रिकामी. रोज ८० टक्क्यांवर थांबवा, लांब जायच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा. घाट उतरून आल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या. चार महिने वापरणार नसाल तर अर्धी भरून थंड जागी ठेवा. आणि रात्री सगळे झोपल्यावर, दाराच्या वाटेत ठेवून चार्ज करू नका. कुणी स्वस्तात सेल जोडून देतो म्हणाला तर आत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) कोणता आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय, घरात लहान मुलं असतात.

चढणकर

मंडळी, काल सिंहगड झाला.

आठ-नऊ किलोमीटर, सुमारे सहाशे मीटर चढ, ५६ मिनिटं. सगळ्यात हलका गिअर, मदतीची दुसरी पायरी, फेरे ७५ च्या आसपास. ज्या वळणावर गेल्या वेळी सायकल ढकलली होती तिथे थांबून मोटरला हात लावला. गरम होती, चटका नव्हता. पडद्यावरचा सर्वांत मोठा आकडा ६८ अंश. नव्या ५०४ वॅट-अवरच्या बॅटरीतले १४८ वॅट-अवर खर्च झाले. चक्रधरकाकांनी दुकानात कागदावर १४० लिहून दिले होते. तो कागद जपून ठेवलाय.

गुडघा आज सकाळी ठीक आहे. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं. दोन वर्षांनी देवटाक्याचं पाणी प्यायलो.

मृण्मयी

किती छान! उतरताना ब्रेक कसे होते?

चढणकर

मागचा थोडा तापला, वास आला. थांबत थांबत उतरलो. पुढच्या ब्रेकला १८० ची चकती घालतोय.

शुभदा

जुन्या हब मोटरचं काय केलंत? भंगारात दिली नाहीत ना?

चढणकर

नाही. चक्रधरकाकांनी तीन नवे नायलॉन गिअर घालून, ग्रीस भरून दिली, आस फिरू नये म्हणून टॉर्क आर्मही लावला. सांगलीला माझे काका आहेत, ७१ वर्षांचे, रोज घरापासून मळ्यापर्यंत सहा किलोमीटर सायकलने जातात. रस्ता तळहातासारखा सपाट. त्यांच्या सायकलला ती बसवली. परवा फोन आला होता, म्हणाले, "वारं तोंडावर असलं तरी आता काही वाटत नाही."

चक्रधर

त्यांना सांगा, दिवाळीनंतर एकदा ग्रीस बघायचंय. मी त्या बाजूला येणारच आहे, येताना हत्यारं घेऊन येतो.